उंबऱ्यावरचं ताट

शिवकांता काकू पत्र्याच्या शेडमधून ताट घेऊन बाहेर आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. अंगण ओलांडून त्या दगडी घराच्या दारापाशी गेल्या, वाकून ताट उंबऱ्यावर ठेवलं, तांब्या शेजारी ठेवला आणि उंबऱ्याला पदरसुद्धा लागू न देता मागे सरकल्या.

"घ्या," आतल्या अंधाराकडे बघत त्या म्हणाल्या. "वरण गार व्हायलंय."

आतून सिद्राम अप्पांचा हात बाहेर आला आणि ताट घेऊन गेला. काकू परत शेडमध्ये येऊन चुलीपुढे बसल्या. स्वतःचं ताट वाढून घेतलं, पण आत भाकरी मोडल्याची चाहूल लागल्यावरच पहिला घास घेतला. थोड्या वेळानं रिकामं ताट उंबऱ्यावर परत आलं. रिकामं म्हणायचं आपलं. शेंगदाण्याच्या चटणीचा एक ढीग अप्पांनी कडेला तसाच ठेवला होता, कारण ती काकूंना आवडते. आणि ती येणार हे माहीत असल्यामुळे काकूंनी भाकरीचा शेवटचा तुकडा राखून ठेवला होता.

हा सगळा व्यवहार मी अंगणातल्या कट्ट्यावर बसून बघत होते. दोघांच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. भांडण म्हणाल तर काडीचं नाही. पण हादरा झाल्यापासून काकू त्या घरात पाऊल टाकत नव्हत्या आणि अप्पा त्या घराबाहेर झोपत नव्हते.

हादरा म्हणजे तो गणपती विसर्जनानंतरच्या पहाटेचा भूकंप. आमच्या भागात आजही नुसतं 'हादरा' म्हटलं की दुसरं काही विचारावं लागत नाही. आमचं गाव हादऱ्यानं झोडपलेल्या पट्ट्याच्या कडेला, म्हणून वाचलं. काही भिंती फुगल्या, काही कोपरे उघडले, चार-दोन घरं बसली. काकूंचं माहेर मात्र पट्ट्याच्या मधोमध होतं. बातमी आली तशा त्या बैलगाडीत बसून गेल्या आणि आठवड्यानं परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातांची नखं तुटलेली होती. भाऊ, भावजय, दोन भाचे. घर त्यांचंही असंच, हातभर जाडीच्या दगडी भिंतींचं. परत आल्यावर काकू अंगणातच बसल्या. मुलानं सोलापूरहून येऊन पत्र्याचं शेड घालून दिलं. चूल तिथेच मांडली. मुलानं दोघांना सोलापूरला न्यायचीही खटपट केली, पण काकू म्हणाल्या, ते येत असतील तर येते, आणि अप्पा म्हणाले, ती येत असेल तर बघू. मुलगा दोघांच्या पाया पडून परत गेला.

गावाला अर्थातच राहवेना. कुणी म्हणे, म्हाताऱ्यानं भिंतीत सोनं पुरलंय, त्यावर नागासारखा बसतो. कुणी म्हणे, हट्टी आहे, बायकोपुढे नमायचं नाही. मी त्या गल्लीतलीच लेक. माझं सासरही गावातलंच, चार घरं सोडून. त्यामुळे अप्पा-काकूंच्या अंगणात यायला मला पदर सावरावा लागत नव्हता. तरीही खरं कारण मला माहीत नव्हतं.

आणि मला ते माहीत असणं गरजेचं होतं. मी तेव्हा नुकतीच एका संस्थेच्या शिबिरात जाऊन शिकून आले होते. पडलेली घरं नव्यानं बांधणं वेगळं, आमचं काम होतं उभ्या राहिलेल्या घरांचं. ती पुढच्या हादऱ्यात पडू नयेत म्हणून आधीच बळकट करायची. खर्च सरकार देणार होतं. घरमालकानं फक्त 'हो' म्हणायचं. आणि गावात एकही माणूस 'हो' म्हणत नव्हता. जे वाचलं ते देवानं वाचवलं, त्याला सळया कशाला खुपसायच्या, असा एकंदर सूर. इमाम गवंडी हत्यारांना धार लावून बसला होता आणि मी गल्लोगल्ली तोंड वाजवत होते. पालथ्या घड्यावर पाणी. एक घर झालं असतं तर बाकीची आपोआप आली असती. ते एक घर अप्पांचं व्हावं असं मला वाटायचं, कारण ते गावातलं सगळ्यात भारी घर होतं. भारी म्हणजे खरोखरच भारी.

हे समजून घ्यायला आमच्याकडची घरं कशी असतात ते सांगितलं पाहिजे. आत सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात खाली गारवा, वर कुरडया-पापड वाळायला ऐसपैस जागा, रात्री झोपायला मोकळं आभाळ. पण पावसाळ्यात ते गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर मातीचा नवा थर टाकतात. जुना कुणी काढत नाही, नवा मात्र चुकत नाही. आजोबांनी टाकलेला, बापानं टाकलेला, आपण टाकलेला. जो घरधनी मनापासून घराची काळजी घेतो, त्याच्याच डोक्यावर सगळ्यात जास्त माती. नाकापेक्षा मोती जड होत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. अप्पा तर घराला फार जपणारे. हादऱ्यानंतर त्यांनी एकट्यानं वर चढून आणखी दोन जाड थर टाकले होते.

"जड घर हलत न्हाई," ते मला म्हणाले होते. "हलकं टोपलं वाऱ्यानं उडतं. रांजण उडतो का?"

मी त्यांना शिबिरात शिकवलेलं सगळं सांगितलं. वाऱ्याचं वेगळं आणि जमिनीचं वेगळं. जमीन खालून ओढते तेव्हा वर जितकं ओझं जास्त तितका झोक जास्त. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, चहा घेणार का.

त्या दिवशी ताट परत आल्यावर मी पुन्हा विषय काढला. अप्पा दारात येऊन बसले होते, कपाळावरची विभूती घामानं जरा पुसट झालेली. मी म्हटलं, निदान मला घर आतून बघू द्या. कुठे काय करावं लागेल ते तरी कळेल. त्यांना वाटलं असावं, बघितल्यावर ही गप्प बसेल. म्हणाले, उद्या ये उजेडाची, आणि बघ काय भक्कम घर आहे ते.

दुसऱ्या दिवशी मी आत गेले. बाहेरच्या उन्हातून गेल्यामुळे आधी काही दिसेना. मग हळूहळू घर दिसायला लागलं. मधोमध चार खांब. कोपऱ्यात काकूंची उतरंड, एकावर एक मडकी रचलेली. ती हादऱ्यात कोसळली होती हे मला माहीत होतं. उरलेली मडकी अप्पांनी पुन्हा रचली होती, आणि सगळ्यात वर एक पितळी फुलपात्र उपडं घातलं होतं. भिंतीलगत बाज होती. बाजेवरचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं, आणि त्या घडीवर धुळीचा थर. बोट फिरवलं तर रेघ उमटली. मग मला मधल्या खांबाच्या बुडाशी पसरलेलं घोंगडं दिसलं. घोंगड्याशेजारी अप्पांच्या वहाणा होत्या.

ज्या घरात लहानपणी आम्ही पोरं अंगणात चपला काढायला विसरलो तर अप्पा कान धरायचे, त्या घरात मधल्या खांबापाशी वहाणा. मी वहाणांकडे बघितलं, मग अप्पांकडे. अप्पांनी नजर फिरवली.

"अप्पा, तुम्ही बाजेवर झोपत नाही?"

 अप्पा दाराकडे जाऊन काकू कुठे आहेत ते बघून आले आणि खाली बसले.

"मी झोपतच न्हाई, सोजरा," ते म्हणाले. "बसून ऱ्हातो. वहाणा घालून बसतो, पळता यावं मनून. त्या फुलपात्राकडं बघत बसतो. ते वाजलं की उठायचं."

"मग बाहेर का येत नाही?"

"मी भायेर आलो की संपलं. ती मनंल, बघा, ह्यांना बी भ्या वाटलं. मग ती मरस्तोर ह्या घरात पाय टाकणार न्हाई." ते घोंगड्याच्या कडेचा धागा ओढत होते. "रोज सकाळी मी धडधाकट भायेर येतो. दारात उभा ऱ्हाऊन खाकरतो. तिनं बघावं, की घर पडलं न्हाई, माणूस मेला न्हाई. आज न्हाई तर उद्या तिचं भ्या मोडंल. आता तूच सांग, भिंतीला भोकं पाडायला दिली तर घर कच्चं हाय असं मीच कबूल केलं की न्हाई?"

 सोनं राखणारा नाग गाव म्हणत होतं तो हा. वर्षभर एका खांबाला पाठ टेकून, भीतीनं अर्धा झालेला, फक्त सकाळी बायकोला दिसावं म्हणून जिवंत बाहेर येणारा. निघताना त्यांनी मला बजावलं, "तिला सांगू नकोस."

पोटात काही न राहणारी बाई अशी गावात माझी ख्याती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. म्हणून मी दोन दिवस त्या अंगणाकडे फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनीच हाक मारली. ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून खडे वेचायला लागले. 

"तू आत गेलतीस मनं," काकू म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"झोपत न्हाईत ना ते?"

मी खड्यांत डोकं घातलं. काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ज्वारीत बोटं फिरवत म्हणाल्या, "नको सांगूस. मला ठावं हाय. चाळीस वर्सं त्यांचं घोरणं ऐकलंय मी. सुरुवातीला वाटायचं, ह्या माणसाजवळ झोपायचं तरी कसं. मग त्याच्याबिगर झोप येईना. हादरा झाल्यापसनं आतून एकदा बी घोरल्याचा आवाज न्हाई. नुसतं खोकतेत. मी शेडात बसून त्यो खोकला ऐकते. बराच वेळ आला न्हाई तर तांब्या वाजवते, मग खोकतेत."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही, बाहेर या म्हणून?"

"सांगितलं की मला कळलं असं हुईल. मग त्यांचा आब कुठं ऱ्हायला?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन मी आत जाते मनावं तर पाय उचलत न्हाई गं. उंबऱ्यापशी गेले की भावाचं दार दिसतं. त्यांना सांगू नगंस."

म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे एक जागं, पलीकडे दुसरं जागं, आणि दोघांनीही मला एकमेकांना सांगू नको म्हणून बजावलेलं. शिबिरात मला भिंतीला आरपार सळई कशी घालायची ते शिकवलं होतं, पण अशा वेळी काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, एखादी गोष्ट दोन माणसांना स्वतंत्रपणे माहीत असेल तर ती गुपित असते का. तो म्हणाला, तू सांगूनच आलेली दिसतेस. मी म्हटलं, अजून नाही. आणि उठून अप्पांकडे गेले.

ते दारातच होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "अप्पा, काकूंना माहीत आहे तुम्ही झोपत नाही ते. घोरणं ऐकू येत नाही म्हणतात."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते शेडकडे बघत होते.

"मजी ती बी झोपत न्हाई," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, ती तरी निवांत झोपत असंल."

त्यांचे डोळे भरून आले. रुमाल सापडेना म्हणून त्यांनी ते धोतराच्या सोग्यालाच पुसले. मग घसा साफ करून विचारलं, "काम कवा चालू करायचं?"

इमामला सांगावा धाडायची गरजच पडली नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तो सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आणि टोपली घेऊन हजर. आधी माळवदावरची माती उतरवायला घेतली. फावडं घातलं की थर वेगवेगळे दिसायचे, कुठे पिवळसर, कुठे राखट. अप्पा वर उभे राहून सांगत होते, हा दुष्काळाच्या सालचा, हा पोराच्या लग्नाच्या वेळचा, हा शिवकांता बाळंतपणाला गेली तेव्हा मी एकट्यानं टाकलेला, म्हणून वाकडा आहे. टोपल्यामागून टोपली खाली येत होती. अंगणात ढीग झाला, तो वाढत वाढत शेडच्या पत्र्याला टेकला. इमामनं घाम पुसत वरून खाली बघितलं.

"अप्पा, येवढं डोक्यावर घेऊन बसत हुता व्हय तुमी रोज?" तो म्हणाला.

काकू तेव्हा माणसांसाठी पाणी घेऊन येत होत्या. त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि कळशी तिथेच ठेवून खाली बसल्या.  त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाला उशीर केला आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नाही.

माती वितभर ठेवली, तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, म्हणजे पाणी गळायला नको आणि दरवर्षी नवा थर टाकायलाही नको. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे लाकडी टेकू ठोकले. कोपऱ्यांना जाळी लावून गिलावा केला. मग भिंतींची पाळी आली. इमामनं पहिलं भोक पाडताना अख्खी गल्ली जमली होती. त्यानं आतल्या पोकळीतली माती आणि गोटे हातानं काढून लोकांना दाखवले.

"भिंत येक दिसती, पर हाईत दोन," तो म्हणाला. "आतली येगळी, भायेरची येगळी. मधी नुसता भराव. हादरा आला की दोघी दोन दिशेला जातेत. त्यांना धरून ठेवणारं मधी कायबी न्हाई."

काकू शेडच्या दारातून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आत येक, भायेर येक. आमच्यावानीच की."

आणि हसल्या. हादरा झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. अप्पा कोपऱ्यात उगाच विटकरीचा तुकडा उचलून बघायला लागले, पण त्यांचे कान लाल झाले होते. प्रत्येक भोकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई बसली, काँक्रीट भरलं, आणि भिंतीवर हातहात अंतरानं सिमेंटच्या गोल टिकल्या उमटल्या.

काम चालू असताना छप्पर उघडं होतं, त्यामुळे अप्पांना नाइलाजानं शेडमध्ये यावं लागलं. नाइलाज हा शब्द त्यांचा. पहिल्याच रात्री ते असे घोरले म्हणे, की सकाळी समोरच्या घरातली सून इमामला विचारत होती, रात्रीचंही काम करता का. काकूंच्या चेहऱ्यावरची जागरणाची सूज उतरली. मला दोघांकडे बघून इतकं बरं वाटायचं की काम जरा रेंगाळावं असंही मनात येऊन जायचं.

पण ते संपलं. इमामनं हात धुतले. अप्पांनी घर झाडलं, सडा घातला, दाराला आंब्याची डहाळी बांधली आणि काकूंना म्हणाले, चल. काकू उठल्या. घराभोवती बाहेरून एक फेरी मारली. प्रत्येक टिकलीला हात लावून बघितला. सगळं छान झालंय म्हणाल्या. दारापाशी आल्या आणि थांबल्या. गल्ली बघत होती. मी बघत होते. काकूंचा पाय उचलला गेला नाही.

"माझ्या भावाचं घर बी चांगलंच हुतं गं, सोजरा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि शेडमध्ये निघून गेल्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. तरी मी रडले. थोडी त्यांच्यासाठी, थोडी माझ्यासाठीही. कारण गावाला आयतं कोलीत मिळालं. काकूच आत जात नाहीत तर आम्ही कशाला भिंती फोडू, असं जो तो मला तोंडावर विचारायला लागला, आणि ज्या दोन घरांनी अर्धा होकार दिला होता त्यांनी तो परत घेतला.  अप्पांनी बाजेवरचं अंथरूण झटकलं आणि ते पुन्हा आत राहायला गेले. संध्याकाळी काकू शेडमधून ताट घेऊन बाहेर आल्या. सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. आठवतं ते एवढंच, की दिवे लागायची वेळ होती, काकू ताट घेऊन अंगण ओलांडत होत्या आणि मी कट्ट्यावर बसले होते. काकू वाकल्या. ताट उंबऱ्यावर टेकलं. तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला, कुणीतरी खोल कुठेतरी जातं ओढायला लागल्यासारखा. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही. कट्टा माझ्याखाली सरकला. शेडचा पत्रा खडखडला. गल्लीतल्या घराघरांतून माणसं ओरडत बाहेर पडली.

"काकू, मागं या!" मी ओरडले. "मोकळ्यावर या!"

काकूंनी तांब्या टाकला, लुगड्याचा घोळ हातात धरला आणि उंबरा ओलांडून आत पळाल्या.

मी त्यांच्यामागे धावले, पण जमीन पायाखाली राहीना, मी दारापाशी पडले. आतून मडकी थडथडल्याचा आवाज येत होता. फुलपात्र खणकन खाली पडलं आणि गडगडत उंबऱ्यापर्यंत आलं. मग आवाज थांबला. मला उठायचा धीर होईना. मी तशीच पडून भिंतीकडे बघितलं. टिकल्या जिथल्या तिथे होत्या. भिंत उभी होती.

आत मधल्या खांबापाशी दोघं होती. छताच्या फटीतून थोडी माती झिरपत होती. काकूंनी आपला पदर अप्पांच्या डोक्यावर धरला होता आणि अप्पांनी दोन्ही हातांनी त्यांचे दंड घट्ट धरले होते.  

"अगं, भायेर पळायचं सोडून आत कशाला आलीस?" अप्पा म्हणाले.

"तुमी आत हुता न्हवं," काकू म्हणाल्या.

अप्पा तिथेच खांबाला धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. काकू त्यांच्या डोक्यावरची माती झटकत राहिल्या. झटकता झटकता त्यांनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. तुळया बघितल्या, टेकू बघितले, उतरंडीकडे बघितलं. सगळ्यात वरचं एक मडकं कलंडलं होतं, बाकीची उभी होती. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या जळमटांवर गेली.

"काय दशा केलीय घराची," त्या म्हणाल्या. आणि मग मला, "सोजरा, ते ताट आत दे. आन शेडातून माजं बी आण."

उंबऱ्यावरचं वरण सांडून गेलं होतं. भाकरी मात्र ताटातच होती. मी दोन्ही ताटं आत नेऊन ठेवली. तेव्हा बाहेर सगळी गल्ली अंगणात जमली होती आणि जो तो भिंतीवरच्या टिकल्यांना हात लावून बघत होता.

  त्या रात्री घरी जाताना मला सारखं दिसत होतं, की हा हादरा काम व्हायच्या आधी आला असता तर. वर्षभर मी धरून चालले होते, की धोका अप्पांना आहे, काकू शेडमध्ये सुखरूप आहेत. त्यांच्यावर पत्रा होता, बाहेर मोकळं अंगण होतं. पण काकू एक दिवससुद्धा सुखरूप नव्हत्या. तेव्हाही त्या अशाच आत पळाल्या असत्या, त्या सगळ्या थरांखाली. शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, हादरा आला की माणूस जीव घेऊन बाहेर पळतो. तो जीव प्रत्येक वेळी त्याच्या स्वतःच्याच अंगात असतो असं नाही, हे मला काकूंनी शिकवलं.

पुढे मी हे काम पुष्कळ वर्षं केलं, पुष्कळ गावांत केलं. अप्पा गेले, त्यानंतर काकूही त्याच घरात, बाजेवर, झोपेत गेल्या. घर अजून उभं आहे. लोक अजूनही तेच म्हणतात, आम्हाला काय होतंय, हादरा आला की पळू बाहेर. मी आता वजनाचं आणि भिंतीच्या भरावाचं नंतर सांगते. आधी अंगणात बसते, चहा घेते आणि एकच विचारते, की तुम्ही बाहेर आलात आणि घरातलं कुणी आत राहिलं तर तुम्ही परत आत जाल?

 कुणी सासूकडे बघतं, कुणी पाळण्याकडे. मग भिंतीकडे बघतात आणि विचारतात, काम कधी चालू करायचं.